पळणारीकडे बघू नका: सिंहांचा कळप पाहायचा कसा

प्राण्यांवरच्या माहितीपटांना मराठी निवेदन लिहिणं हे माझं काम. पडद्यावर सिंहीण दबा धरून बसलेली असते आणि मागून एक भारदस्त आवाज काहीतरी सांगत असतो ना, तो आवाज माझा नाही, पण शब्द माझे असतात. चौदा वर्षं झाली या कामाला. सिंहांच्या किती शिकारी पाहिल्या याचा हिशेब ठेवलेला नाही, कारण एकच दृश्य तीस-तीस वेळा मागेपुढे करावं लागतं. वाक्य संपायच्या आत सिंहिणीने झडप घातली तर तिला थांबवता येत नाही, वाक्यच छाटावं लागतं.

सुरुवातीच्या वर्षांत एका पटासाठी मी लिहिलं होतं, 'कळपाची सेनापती नुसत्या नजरेने इशारा देते आणि बाकीच्या आपापल्या जागा घेतात.' या वाक्यावर मी बेहद्द खूश होते. मजकूर तपासायला एका अभ्यासकांकडे गेला. परत आला तेव्हा 'इशारा' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल होता आणि समासात दोनच शब्द होते: 'कुठे दिसला?' मी तणतणत तेच दृश्य पुन्हा लावलं, आवाज बंद केला आणि एकेका सिंहिणीला वेगवेगळं पाहिलं. इशारा नव्हता. सेनापतीही नव्हती. पाच सिंहिणी होत्या, आणि प्रत्येक जण बाकीच्या चौघी कुठे आहेत ते पाहून आपली जागा ठरवत होती. मी मात्र सगळा वेळ, शेवटी जी पळाली तिच्याकडेच बघत बसले होते.

तेव्हापासून सिंह पाहायची माझी रीत बदलली. तीच इथे सांगते. माझ्या सहावीतल्या भाचीवर ती आधी वापरून झाली आहे, त्यामुळे कुठे कंटाळा येतो हेही मला ठाऊक आहे. तिथे मी भरभर पुढे जाईन.

आधी आवाज बंद करा

सिंहांचं चित्रीकरण लावलंत की पहिलं काम म्हणजे आवाज बंद करणं. संगीत तुम्हाला आधीच सांगून टाकतं, आता घाबरा, आता हळहळा. आणि निवेदन लिहिणारी माणसं कशी असतात ते वर वाचलंतच.

जवळ एक वही, पेन्सिल आणि दहा-बारा बटणं ठेवा. बटणं दोन रंगांची असली तर उत्तम. त्यांचं काम पुढे आहे.

आता आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट. पटात दिसणारी शिकार बहुतेकदा सलग घेतलेली नसते. सिंहिणीच्या डोळ्यांचा जवळून घेतलेला तुकडा सकाळचा असतो, पळण्याचा संध्याकाळचा, आणि कधीकधी डोळे एकीचे आणि पाय दुसरीचे असतात. यात फसवायचा हेतू नसतो; एका कॅमेऱ्याला एका वेळी सगळं सापडत नाही, एवढंच. पण कळप मिळून शिकार कशी करतो हे पाहायचं असेल तर असं ठिगळं जोडलेलं दृश्य कुचकामाचं. दुरून किंवा वरून घेतलेलं, बराच वेळ न तुटणारं दृश्य शोधा. ज्यात सिंहिणी मुंग्यांएवढ्या दिसतात आणि शेजारी बसलेलं कुणीतरी 'जवळून दाखवा की' म्हणून वैतागतं, ते आपल्या कामाचं.

ठिगळं ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली, सावल्या. दोन मिनिटांत सावली लांबच लांब झाली तर मध्ये काही तास गेलेत. दुसरी खूण मिशांची. सिंहाच्या गालावर, मिशांच्या मुळाशी, काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. पूर्ण ओळींच्या वर दोन-चार सुटे ठिपके असतात, आणि ते खालच्या ओळीतल्या कितव्या ठिपक्याच्या वर येतात हे प्रत्येक सिंहाचं वेगळं असतं. डाव्या गालाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. अभ्यासक याच ठिपक्यांवरून, शिवाय कानाच्या फाटक्या कडा आणि जुने व्रण पाहून, एकेका सिंहाची नोंद ठेवतात. भाचीने चित्र थांबवून थांबवून वहीत ठिपके उतरवले आणि मला पकडलं. "मावशी, दबा धरणारी वेगळी आहे, झडप घालणारी वेगळी आहे. आणि तू दोघींना 'ती' म्हटलंयस." खरं होतं.

घरची कोण, पाहुणे कोण

कळप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मधोमध आयाळवाला सिंह उभा राहतो. वहीत मात्र आधी सिंहिणी लिहा. कळप मुळात त्यांचा असतो. आया, लेकी, बहिणी, मावश्या, आज्या. मुली शक्यतो जन्मल्या त्याच हद्दीत राहतात, त्यामुळे हद्द आईकडून लेकीकडे जाते. प्रौढ सिंहिणी दोन-तीन असतात, पाच-सहा असतात आणि क्वचित अठरापर्यंतही जातात. नर बाहेरून आलेले असतात, बहुधा दोघं-तिघं, पुष्कळदा सख्खे किंवा चुलत भाऊ, आणि साधारण दोन-तीन वर्षांत दुसरी टोळी येऊन त्यांना हाकलते. कळपातले मुलगेही दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात आणि भटकू लागतात.

आणखी एक. अख्खा कळप एका चौकटीत फार कमी वेळा दिसतो. आज इथे चौघी, दोन कोसांवर तिघी, उद्या वेगळ्या पाच. त्या सगळ्या एकाच कळपाच्या. म्हणून 'या कळपात चार सिंहिणी आहेत' असं एका दृश्यावरून लिहू नका. 'चार दिसल्या' असं लिहा.

गीरचे सिंह पाहत असाल तर गणित थोडं बदलतं. २०२५ च्या गणतीत तिथे ८९१ सिंह भरले. आशियाई सिंह रानात उरलेत ते फक्त गुजरातच्या त्या भागात. तिथे नर आणि माद्या बराच काळ वेगवेगळे राहतात, एकत्र येतात ते जोडी जमवायला किंवा मोठी शिकार पडली तर. सिंहिणींचे गटही लहान असतात. तिथलं सावज बरंचसं चितळाएवढं, मग दहा जणींनी एका चितळावर काय जेवायचं?

झोपलेल्यांकडे बघायला शिका

इथे सगळे कंटाळतात. भाचीही कंटाळली होती. सिंह दिवसातले वीस तास लोळण्यात घालवतात, आणि कॅमेरावाल्यांकडून माझ्याकडे जे येतं त्यातही बहुतेक वेळ पोटं वर करून झोपलेले सिंहच असतात. पण कळप शिकारीपेक्षा इथे जास्त कळतो, असं माझं मत आहे, आणि या मताला मोठ्या अभ्यासाचा आधार आहे.

टांझानियातल्या सेरेंगेटीत १९६६ मध्ये जॉर्ज शॅलर यांनी सिंहांचा अभ्यास सुरू केला. पुढे १९७८ पासून क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्यूसी यांनी तो हाती घेतला आणि काही दशकं चालवला. सिंह गटाने का राहतात, या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देत, शिकार सोपी जाते म्हणून. पॅकर यांच्या गटाने प्रत्येक सिंहिणीच्या वाट्याला किती मांस येतं ते मोजलं, तेव्हा हे उत्तर डळमळलं. शिकार मोठी मिळाली तरी खाणारी तोंडंही वाढतात. एकटीला पोटापुरतं मिळतंच. तरी त्या एकत्र राहतात, त्याची कारणं दुसरी: छावे आणि हद्द.

सिंहीण विते ती एकटी, कळपापासून दूर, झाडोऱ्यात. साडेतीन महिन्यांचं गरोदरपण, दोन-तीन छावे. दीड-दोन महिने त्यांना लपवून ठेवते आणि मग कळपात आणते. तिथे इतर सिंहिणींचेही छावे असतात आणि सगळ्यांचं मिळून एक पाळणाघर होतं. छावे भुकेले झाले की आपलीच आई शोधत बसत नाहीत. जी पहुडलेली दिसेल तिला लुचायला जातात. ती कधी पिऊ देते, कधी गुरगुरून उठून जाते. आपल्या पिल्लाला आधी, हे तिथेही आहेच.

या पाळणाघराला खरी भीती भुकेइतकीच नव्या नरांची. नवी टोळी आली की ती आधीच्या नरांचे लहान छावे मारून टाकते, कारण छावे नसले की सिंहिणी लवकर पुन्हा माजावर येतात. वाचायला वाईट वाटतं, मलाही दर वेळी लिहायला जड जातं. पण हे वगळलं तर चार सिंहिणी रात्री एकमेकींना खेटून का झोपतात तेच कळत नाही. एकटी आई नराला अडवू शकत नाही. तिघी-चौघी मिळून कधीकधी अडवतात.

म्हणून झोपलेला कळप पाहताना बघा: कोण कुणाच्या अंगावर पाय टाकून आहे? उठलेली सिंहीण आधी कुणाच्या डोक्याला डोकं घासते? छावे कुणाच्या शेपटीशी खेळतात आणि ती काही बोलत नाही? शेपटीच्या टोकाचा काळा गोंडा हे त्यांचं पहिलं सावज. आणि दूरवर डरकाळी ऐकू आली की कुणाचे कान उभे राहतात? एवढ्यासाठी आवाज मिनिटभर लावायला माझी परवानगी आहे. डरकाळी रात्रीच्या शांततेत आठ किलोमीटरवर जाते.

डरकाळीवरून एक झकास प्रयोग झालेला आहे. कॅरन मॅकोंब आणि पॅकर यांच्या गटाने अनोळखी सिंहिणींच्या डरकाळ्या लपवलेल्या लाउडस्पीकरवरून कळपाला ऐकवल्या. कधी एकीची, कधी तिघींची मिळून. एकीची असली की कळप त्या दिशेने चालून जायचा. तिघींची असली तर आपण किती आहोत त्यावर ठरायचं. कमी असल्या तर पुढे जायला कचरायच्या. म्हणजे सिंहिणी मोजतात. १९९४ मध्ये हे छापून आलं. लगेच पुढच्या वर्षी रॉबर्ट हाइन्सन आणि पॅकर यांनी आणखी बारकाईने पाहिलं: चालून जाताना काही सिंहिणी दर वेळी पुढे असतात आणि काही दर वेळी रेंगाळतात. पुढची थांबते, वळून मागचीकडे बघते, पुन्हा चालू लागते. मागे राहिली म्हणून तिला कुणी ओरबाडत नाही, कळपातून काढत नाही.

हे वाचून भाची म्हणाली, "अगदी आमच्या गटकार्यासारखं." मी काही बोलले नाही.

शिकार चारदा पाहा

आता बटणं काढा. एका रंगाची सावजं, दुसऱ्या रंगाच्या सिंहिणी. जमिनीवर मांडा, आणि पडद्यावर कुणीही जागा बदलली की चित्र थांबवून बटण सरकवा. एकच दृश्य चारदा पाहायचं. पहिल्यांदा फक्त सावजांकडे बघा, दुसऱ्यांदा सगळ्यात कडेच्या सिंहिणीकडे, तिसऱ्यांदा जी काहीच करत नाही तिच्याकडे. चौथ्यांदा कुठेही बघा, तोवर तुम्हाला दिसू लागलेलं असतं.

हे असंच का, तर नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात फिलिप स्टँडर यांनी सिंहिणींच्या ४८६ गटशिकारी नोंदवल्या आणि एकेकीचं काम वेगळं काढून पाहिलं. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. इटोशाचं मैदान उघडंबोडकं, गवत खुरटं, सावज चपळ. तिथे लपायला फारसं काही नाही. त्यांना दिसलं की काही सिंहिणी लांबचा वळसा घालून सावजांच्या कळपाच्या दोन्ही बाजूंना जातात. स्टँडर यांनी त्यांना पंख म्हटलं, फुटबॉलच्या संघात कडेचे खेळाडू असतात तसे. काही मधे थांबतात. पंखातली बहुतेकदा आधी उठून हल्ला चढवते. सावज तिच्यापासून पळतं आणि मधे दबून बसलेलीच्या पुढ्यात येतं. गंमत अशी की एकेका सिंहिणीची जागा ठरलेली असते. डावीकडची पुन्हा पुन्हा डावीकडे, मधली मधेच. ज्या शिकारीत बहुतेक जणी आपल्या नेहमीच्या जागी होत्या, त्या शिकारी जास्त साधल्या.

पण प्रत्येक शिकार अशी सुबक नसते. सेरेंगेटीत दिसलं की सावज सोपं असेल, म्हणजे एकटं रानडुक्कर वगैरे, तर एक जण उठते आणि बाकीच्या मान उंचावून बघत बसतात. एकीने होणार असेल तर दुसरीने कशाला दमायचं? झेब्रा किंवा रानरेडा असला, एकीच्या आवाक्याबाहेरचा, की मग सगळ्या उठतात.

मी एक शिकार तुम्हाला बटणांवर मांडून दाखवते. ती पटात आली नाही, कापली गेली. पूर्व आफ्रिकेतलं गवताळ मैदान, ऊन उतरलेलं, अकरा झेब्रे आणि सहा सिंहिणी. कॅमेरा टेकडावर, हलत नाही. एक तास चाळीस मिनिटं.

पहिली वीस मिनिटं काही नाही. मग डावीकडची उठते, आळस देते आणि झेब्र्यांकडे पाठ करून चालू लागते. पहिल्यांदा पाहताना वाटतं, कंटाळून निघाली. ती वारुळाच्या आडून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, पाऊण तास फिरून झेब्र्यांच्या पलीकडे निघते. तोवर मधल्या तिघी एकेक पाऊल टाकत, पोट जमिनीला लावून पुढे येतात. झेब्र्याची मान खाली असली की पाऊल उचलायचं, वर आली की जिथे असेल तिथे गोठायचं. एकीचा पुढचा पंजा हवेतच राहतो, आणि झेब्रा पुन्हा चरू लागेपर्यंत तो तसाच. मी मोजलं, चव्वेचाळीस सेकंद. मागून पाहिलं तर तिच्या कानांमागचे काळे पट्टे गवतात दोन टिंबांसारखे दिसतात, आणि मागचीची नजर त्याच टिंबांवर असावी असं मला वाटत राहतं. पाचवी झाडाखालून हललेलीच नाही. सहावी अल्लड, दीड-दोन वर्षांची असेल.

वाऱ्याचं काय, असं तुम्ही विचाराल. निवेदनात दर वेळी लिहितात, 'सिंहीण वाऱ्याच्या उलट दिशेने पुढे सरकते.' मीही लिहिलंय. शॅलर यांना मात्र दिसलं होतं की सिंह वाऱ्याची दिशा बघून चाल ठरवत नाहीत, आणि खरं तर त्यांनी ती बघितली असती तर फायदा झाला असता.

तर घोटाळा केला त्या अल्लडीने. तिला धीर धरवेना. गवतातून तिची शेपटी उभी राहिली, एकदा इकडे, एकदा तिकडे. एका झेब्र्याने नाक फुरफुरवलं आणि अकराच्या अकरा तोंडं तिच्याकडे वळली. पळाले मात्र नाहीत. सिंह दिसतोय आणि अंतर पुरेसं आहे, तोवर पळायचं कारण नसतं. न दिसणारा सिंह वाईट. ते सगळे तिच्याकडे टक लावून उभे राहिले, आणि त्यांच्या पाठी वळसा घालून आलेलीकडे झाल्या.

ती उठली. इथे बटणं भराभर सरकवावी लागतात. झेब्रे तिच्यापासून फुटले आणि थेट मधल्या तिघींच्या अंगावर आले. एकीने झेप टाकली. झेब्रा अगदी तिच्या पंजाखाली येऊन काटकोनात वळला, ती कुशीवर आपटली, धुरळा. संपलं. एकूण धाव मोजून नऊ सेकंदांची.

बोट्स्वानात सिंह आणि झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून वेग मोजले गेले, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा हे वळण मला नीट समजलं. सिंहाचे स्नायू झेब्र्यापेक्षा ताकदवान असतात, तो चटकन वेग घेतो आणि चटकन थांबतोही. झेब्रा जीव खाऊन सरळ पळाला तर पुढच्या क्षणी कुठे असेल ते कळतं आणि तो सापडतो. थोडा वेग राखून पळाला तर शेवटच्या क्षणी वळता येतं. सिंहाला फार लांब पळवत नाही, शरीराच्या मानाने हृदय लहान. म्हणून तर त्याला आधी तीस-चाळीस मीटरांवर येऊन ठेपावं लागतं. वळणं दोन-तीन साधली की झेब्रा सुटला. ढोबळमानाने चार शिकारींतल्या तीन अशाच हुकतात. अंधाऱ्या रात्री बऱ्या जातात, चांदण्यात सावजांना सिंह दिसतो.

आणि झाडाखालची ती पाचवी? शेवटपर्यंत बसून होती. शिकार साधली असती तर जेवायला नक्की आली असती.

नर शिकार करत नाहीत, हे अर्धसत्य आहे. ते उघड्यावर गटाने फारसे दिसत नाहीत, पण दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाहिलं तेव्हा नर दाट झुडपांत एकटे दबा धरून मारताना आढळले. तिथे कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. रानरेडा पाडायचा असला की त्यांचं वजन कामाला येतं, सिंहिणीच्या दीडपट. आणि जेवायला मात्र ते धावत येतात. आपण 'सिंहाचा वाटा' म्हणतो तो इथे शब्दशः बघायला मिळतो: कळपाने सावजाचा गळा किंवा तोंड आवळून त्याला गुदमरवलेलं असतं, आणि नर येऊन सगळ्यांना बाजूला सारतो. सिंहिणी ओरबाडून घेतात. छाव्यांना उरलंसुरलं. सावज लहान असलं तर तेही नाही, आणि टंचाईत छावे उपाशी मरतात.

मैदानावर खेळून बघा

पडद्यावर जे कळत नाही ते गुडघे घासले की कळतं, म्हणून हा खेळ. दहा-बारा जण हवेत आणि मोकळं मैदान, कडेला थोडी झाडंझुडपं असली तर छान. चौघं-पाच जण सिंहिणी, बाकीचे झेब्रे, एक जण मोजणारा.

झेब्रे मधोमध घोळक्याने चरतात, म्हणजे आपल्याच पायांकडे बघत मनात पाचपर्यंत मोजतात, मग मान वर करून चहूकडे पाहतात. सगळ्यांनी एकदम मोजायचं नाही, ज्याचं त्याने. सिंहिणी चाळीस पावलांवरून सुरुवात करतात. हलताना दिसली की झेब्रा 'दिसली!' म्हणून ओरडतो, तिचं नाव घेतो, आणि ती सुरुवातीच्या जागी परत जाते. गोठून राहिलेली दिसली तरी चालते. हल्ला कधीही करावा, पण मोजणारा मोठ्याने दहा म्हणेपर्यंतच पळता येतं, नंतर मटकन खाली बसायचं. झेब्र्याला हात लागला की शिकार झाली. झेब्रे मैदानाच्या कडेबाहेर गेले की सुटले. आणि मुख्य नियम: सिंहिणींनी बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, आधी ठरवायचंही नाही.

भाचीने हा शेवटचा नियम ऐकून तोंड वाकडं केलं. "मग कळणार कसं?" "त्यांना जसं कळतं तसं. बाकीच्या कुठे आहेत ते बघ."

पहिल्या तीन वेळा पाचही जणी एकाच बाजूने आल्या, कारण मैत्रिणी मैत्रिणींना सोडत नव्हत्या. झेब्रे हसत समोरच्या कडेने निघून गेले. चौथ्या वेळी दोघी वळसा घालून गेल्या, पण पोचायच्या आत एकीने हल्ला केला. पाचव्यांदा उलट, सगळ्या एकमेकींची वाट बघत राहिल्या आणि झेब्रे कंटाळून खाली बसले. सहाव्यांदा भांडण झालं. सातव्यांदा भाची डावीकडून एवढा लांब वळसा घालून गेली की मोजणारा तिला विसरला. तिने पलीकडून धाव घेतली, झेब्रे उधळले आणि झुडपाकडे पळाले. तिथे पाचवी मुलगी उकिडवी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली, समोर झेब्रा, तिने हात पुढे केला. लागला.

"मी खेळतच नव्हते," ती म्हणाली.

मी काठावर बसून बटणांऐवजी वहीत जागा टिपत होते. तिच्या नावापुढे मी 'मधली' लिहिलं. घरी आल्यावर वही भाचीने चाळली. तिने पेन्सिल घेतली, 'मधली'भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'कशावरून?'